परतणारा मासा आणि वाट चुकलेला मासा

🙏 *अभ्यासलेख* 🙏
(घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावा. लहान मुलांना मधला माशाचा भाग नक्की वाचून दाखवावा.)



मागच्या वेळी गटात एका ताईंनी विचारलं होतं, "मुलाकडे परदेशात सहा महिने जायचं आहे. तिथे ना मंदिर जवळ, ना सत्संग, ना ओळखीचं माणूस. उपासना कशी टिकवायची?" हा प्रश्न आपल्यापैकी खूप जणांचा आहे. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठलंही केंद्र घ्या, प्रत्येक दोन-तीन घरांमागे एक मूल बाहेर आहे. मला या विषयावर लिहायला सांगितलं गेलं ते मी विद्वान म्हणून नव्हे. तिथे जाऊन मी एक मोठी चूक केली आणि त्या चुकीतूनच थोडं शिकले, म्हणून.

*१. खिडकीतला पाऊस*

२०२२ साली मी मुलाकडे कॅनडात गेले. तो व्हँकुव्हरजवळ सरी नावाच्या गावी राहतो. आमचे हे २०२१च्या मे महिन्यात कोरोनात गेले. तेव्हा भारतातून कॅनडात जाणारी विमानं तिथल्या सरकारने बंद केली होती. मुलगा आला असता तर परत जाणं कधी होईल याचा भरवसा नव्हता, आणि तिकडे सूनबाई एकटी, नातू आठ वर्षांचा. त्याने वडिलांचा अंत्यविधी फोनवर पाहिला. मी वरवर म्हटलं, "असू दे, तुझा नाइलाज होता." पण मनात गाठ बसली ती बसलीच.

तिथे गेल्यावर महिन्याभरात त्याने सांगितलं, "आई, मी इथलं नागरिकत्व घेतोय." आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व ठेवता येत नाही, म्हणजे भारताचा पासपोर्ट परत द्यायचा. मी "बरं" म्हटलं आणि आत जाऊन जपमाळ घेऊन बसले. माळ फिरत होती, पण मन त्या पासपोर्टभोवतीच फिरत होतं.

दिवसभर घरात एकटी असायची. समोर डोंगर, देवदाराच्या जातीची उंच झाडं, आणि मी काय पाहायची, तर खिडकीच्या काचेवरची धूळ. कुणी विचारलं की सांगायची, "आहे छान, पण आपल्यासारखं नाही." हे वाक्य आपण परदेशात किती वेळा म्हणतो, आठवून पाहा. "आपल्यासारखं नाही" असं एकदा म्हटलं की पुढे काही बघायचं शिल्लकच राहत नाही.

*२. अ‍ॅडम्स नदीच्या काठावर*

ऑक्टोबरात तिथे थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. त्या वर्षी ती सोमवारी, १० तारखेला होती, आणि रविवारी ९ तारखेला आपली कोजागरी. मुलगा म्हणाला, "आई, चल, तुला मासे दाखवतो."

मी म्हटलं, "अरे, आपल्या घरात कधी मासळी शिजली नाही, आणि तू मला सणाच्या दिवशी मासे दाखवायला नेतोस?" (गोव्याचे साधक हसतील, हसू द्या.) नातू म्हणाला, "आजी, खायचे नाहीत, फक्त बघायचे." मग निघाले.

साडेचार-पाच तासांच्या प्रवासानंतर कॅमलूप्स हे गाव मागे टाकून आम्ही अ‍ॅडम्स नदीवर पोचलो. नदी छोटीशी. अ‍ॅडम्स तळ्यातून निघते आणि साधारण ११ किलोमीटर वाहून शुस्वॅप तळ्याला मिळते. काठावर सरकारी उद्यान आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं त्याचं नाव 'चूच्वेक', म्हणजे 'पुष्कळ नद्या'.

पहिल्यांदा आला तो वास. कुजलेल्या माशांचा. मी पदर नाकाला लावला. मग पाणी दिसलं आणि हात आपोआप खाली आला. पाणी काचेसारखं स्वच्छ, तळाशी गोटे, आणि त्यात मासे. शेकडो. लाल, आपल्या हळदी-कुंकवातल्या कुंकवासारखे लाल, आणि डोकं मात्र हिरवं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, प्रवाहाच्या विरुद्ध. पाणी त्यांना मागे ढकलतंय आणि ते शेपटी हलवत जागच्या जागी टिकून आहेत. कुणाचे पर फाटलेले, कुणाच्या पाठीवरची कातडी सोललेली. काठाला मेलेले मासे पडलेले, त्यावर पाखरं बसलेली. जन्म आणि मरण दोन हातांच्या अंतरावर चाललेलं होतं, आणि आसपासची माणसं देवळात बोलावं तशी हळू आवाजात बोलत होती.

*३. हा मासा कोण, कुठून येतो?*

हा सॅमन जातीचा सॉकाय मासा. (आपल्याकडे किनाऱ्यावर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण रावस वेगळ्या कुळातला.) त्याची जीवनकथा नीट समजून घेऊ, कारण नुसतं "वा, किती सुंदर!" म्हणण्यात अर्धाच आनंद आहे.

▪️ मादी शेपटीने नदीतळाचे खडे उडवून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. एकेक मादी हजारो अंडी देते. मग पुन्हा शेपटीने खडे ओढून ती अंडी झाकते.

▪️ हिवाळाभर अंडी त्या थंड पाण्यात, खड्यांच्या खाली. वसंतात पिल्लं वर येतात आणि शुस्वॅप तळ्यात जातात. तिथे साधारण वर्षभर वाढतात.

▪️ पुढच्या वसंतात बोटभर लांबीची पिल्लं समुद्राकडे निघतात. थॉम्पसन नदी, मग फ्रेझर नदी, मग प्रशांत महासागर. हे अंतर जवळजवळ ५०० किलोमीटर. गोड्या पाण्यात जन्मलेलं शरीर खाऱ्या पाण्यात जगण्यासाठी आतून बदलतं.

▪️ दोन-अडीच वर्षं ते खोल समुद्रात फिरतात. तिथे त्यांचा रंग रुपेरी असतो.

▪️ चौथ्या वर्षी ते परत फिरतात. गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणं सोडतात. पुढचा सगळा चढ अंगातल्या चरबीवर आणि मांसावर. मांसात साठलेला तांबडा रंग कातडीत उतरतो, म्हणून ते लाल होतात. नराची पाठ उंच होते आणि जबडा आकडीसारखा वळतो.

▪️ जिथे जन्मले त्याच नदीत, पुष्कळदा त्याच भागात, अंडी घालतात. त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत मरतात.

अ‍ॅडम्स नदीत दर चार वर्षांनी मासे खूप मोठ्या संख्येने येतात. २०१०, २०१४, २०१८, २०२२ ही ती वर्षं. लोक दुरून बघायला येतात, उत्सव भरतो. आम्ही पाहिलेल्या माशांच्या पिल्लांनी परतायचं वर्ष २०२६.

*४. घरचा वास*

आता प्रश्न असा की, एवढ्या महासागरातून त्यांना आपली नदी सापडते कशी? समुद्रात असताना पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांना उपयोग होतो असं दिसून आलं आहे. याच फ्रेझर नदीच्या सॉकाय माशांवरचा तसा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आणि नदीत शिरल्यावर त्यांना वाट दाखवतो तो वास.

हे शोधणारे आर्थर हॅसलर हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ. त्यांना ही कल्पना कशी सुचली ते ऐकण्यासारखं आहे. ते आपल्या जुन्या मुलखात, यूटाच्या डोंगरात, चालत होते. एका धबधब्याचा आवाज येत होता, पण तो अजून दिसत नव्हता. तेवढ्यात तिथल्या शेवाळ्याचा आणि फुलांचा वास आला, आणि लहानपणच्या विसरलेल्या कितीतरी गोष्टी एकदम आठवल्या. त्यांच्या मनात आलं, माणसाचं असं होतं, तर माशाचंही होत असेल का? प्रत्येक नदीची माती वेगळी, झाडंझुडपं वेगळी, म्हणून पाण्याचा वास वेगळा.

पुढे १९७०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. सॅमनच्या पिल्लांना लहानपणी एका विशिष्ट रसायनाचा अगदी सौम्य वास दिला आणि मिशिगन तळ्यात सोडलं. मासे मोठे झाल्यावर एका ओढ्याच्या पाण्यात तेच रसायन मिसळलं. मासे त्या ओढ्याकडे वळले. लहानपणी मनात बसलेला वास ते विसरले नव्हते.

हे ऐकल्यावर मला आमच्या सासूबाईंचं देवघर आठवलं. ओला कापूर, झेंडू, उगाळलेलं चंदन. आज कुठेही तसा वास आला की मी परत नव्या सुनेसारखी तिथे उभी असते. तुमच्याही घरात असा एखादा वास असेल. मुलं दूर गेली तरी ते बरोबर नेतात, आपल्याला कळतसुद्धा नाही.

*५. माझी चूक*

आता ती चूक सांगते. लाकडी कठड्याला टेकून आम्ही उभे होतो. मुलगा नातवाला माशांच्या परतण्याबद्दल सांगत होता. माझ्या तोंडून निघालं, "बघ रे. मासासुद्धा आपल्या घरी परत येतो."

मुलगा काही बोलला नाही. कठड्यावरचा हात काढला आणि थोडा पुढे जाऊन उभा राहिला. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

समोर सृष्टीतलं एवढं मोठं आश्चर्य चाललेलं, आणि मी त्याची काठी करून मुलाच्या पाठीत घातली. निसर्गातून बोध घ्यावा हे आपण सगळेच म्हणतो. पण आपल्याला हवा तोच बोध काढला, तर तो आपल्या हट्टाला मिळालेला दाखला असतो. मासा माझ्यासाठी परतलेला नव्हता. माझी बाजू मांडायला तर नव्हताच नव्हता.

*६. नातवाचा प्रश्न*

तिथे एक वयस्क स्वयंसेविका लोकांना माहिती देत होत्या. नातवाने त्यांना विचारलं, "सगळेच मासे परत येतात का?" त्यांनी खाली बसून त्याला बराच वेळ काहीतरी समजावलं. तो पळत माझ्याकडे आला आणि त्याच्या मराठीत म्हणाला, "आजी, काही मासे दुसऱ्या नदीत जातात. चुकून. पण ते पण अंडी देतात."

मी "हो का" म्हटलं आणि सोडून दिलं.

रात्री कॅमलूप्सला एका साध्या हॉटेलात उतरलो. कोजागरी होती. सूनबाईने मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम केलं, घरून आणलेला मसाला घातला. बाहेर गाडी लावायच्या जागेत आम्ही कप घेऊन उभे राहिलो. थंडी कडाक्याची. चंद्र मात्र तोच, आपल्या राजवाड्यावर दिसतो तेवढाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे कोजागरीला बरोबर नव्हते असं नाही, मागची कोजागरीही त्यांच्याविना गेली होती. पण त्या रात्री ते फार जाणवलं. मुलालाही जाणवलं असावं. तो म्हणाला, "बाबा दुधावरची साय आधी काढून घ्यायचे."

मग मीच विचारलं, "ते चुकलेल्या माशांचं काय रे?"

त्याने सांगितलं ते असं. दर वर्षी थोडे मासे आपली नदी सोडून दुसऱ्याच नदीत शिरतात. ही निसर्गातली चूक म्हणावी, तर फार उपयोगाची चूक आहे. शेवटच्या हिमयुगात तो जवळजवळ सगळा प्रदेश बर्फाच्या जाड थराखाली होता. तेव्हा या नद्याच नव्हत्या, मग मासे कुठले? बर्फ वितळलं, नद्या वाहू लागल्या, आणि कुठून तरी वाट चुकलेले मासे या पाण्यात आले. त्यांनी इथे अंडी घातली. त्यांच्या पिल्लांना मग याच पाण्याचा वास 'घरचा' वाटू लागला. अलास्कातल्या ग्लेशिअर बेमध्ये गेल्या दोन-अडीचशे वर्षांत हिमनद्या मागे सरकल्या, तिथे नव्याने उघड्या झालेल्या ओढ्यांत सॅमन असेच येऊन वसले.

म्हणजे ज्या लाल माशांच्या परतण्याचं मी कौतुक केलं, त्यांचा मूळ पूर्वज कधीतरी न परतलेला होता!

मी गप्प झाले. कारण मला एकदम आमचं घराणं आठवलं. आमचे पूर्वज वाईकडच्या एका खेड्यातले. अडीचशे वर्षांपूर्वी होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले. परत गेले नाहीत. त्यांच्या आईने तिकडे वाटेकडे डोळे लावले असतील का? लावले असतीलच. आणि आम्ही? जेजुरीच्या खंडोबाला जाऊन येतो, देव्हाऱ्यात टाक आहेत, पण कुणी विचारलं "घर कुठलं?" तर न अडखळता सांगतो, "इंदूर." आमच्या मराठीत हिंदी मिसळली, पुरणपोळीच्या ताटाशेजारी शेव आली, आणि तरीही आम्ही मराठीच राहिलो. आपल्या या गटातली निम्मी-अर्धी घरं अशीच आहेत. शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला, गायकवाडांबरोबर बडोद्याला गेलेल्यांची. आपण सगळे वाट चुकलेल्या माशांची पिल्लं आहोत, आणि मी नेमकं तेच मुलाला नावं ठेवायला निघाले होते.

मी त्याला एवढंच म्हटलं, "ते कागदांचं काय असेल ते उरकून घे. आणि नदीवर मी जे बोलले ते बरोबर नव्हतं."

तो म्हणाला, "आई, मी बाबांसाठी आलो नाही, हे मला रोज आठवतं." मग आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. दूध गार झालं.

खरं सांगते, माझं दुःख तिथे संपलं नाही. मुलगा दूर आहे याचं आजही वाईट वाटतं. पण ते वाईट वाटणं आता त्याच्यावर आरोप म्हणून बाहेर येत नाही. माझ्यासाठी हा फरक मोठा आहे.

*७. गेल्यावर काय उरतं*

दुसऱ्या दिवशी परतताना मुलाने फ्रेझर नदीच्या घळीतला जुना रस्ता धरला. तिथे 'हेल्स गेट', म्हणजे नरकाचं दार, अशी एक जागा आहे. प्रचंड नदी दोन कड्यांमध्ये अवघ्या ३५ मीटरच्या फटीतून जाते. १९१३-१४ साली रेल्वेमार्गाच्या कामात डोंगर फोडताना दगड नदीत पडले, दरड कोसळली आणि माशांची वाट अडली. असंख्य मासे खालीच मेले. लोकांनी टोपल्यांतून मासे उचलून पलीकडे सोडले, पण तेवढ्याने काय होणार? पुढे १९४४ ते १९४६ या काळात तिथे माशांना टप्प्याटप्प्याने चढता यावं असे सिमेंटचे मार्ग बांधले. तीस वर्षं लागली. माणसाच्या हातून बिघडतं एका हंगामात, आणि सुधारायला एक पिढी जाते. पण सुधारतं, हेही खरं.

आणि त्या कुजक्या वासाचं काय, ज्याने मी नाकाला पदर लावला होता? मेलेले मासे वाया जात नाहीत. अस्वलं, गरुड, कावळे ते खातात, जंगलात ओढून नेतात. उरलेलं पाण्यात विरघळतं, त्यावर बारीक जीव आणि किडे वाढतात, आणि वसंतात वर येणारी पिल्लं ज्या पाण्यात पहिला घास घेतात, त्या पाण्याला आईबापांच्या शरीराने कस दिलेला असतो. शास्त्रज्ञांना अशा नद्यांकाठच्या झाडांच्या लाकडात समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडला आहे. म्हणजे डोंगरातल्या झाडात समुद्र आहे, आणि तो माशाने स्वतःच्या अंगातून वाहून आणलेला आहे.

आईबाप पिल्लांना कधीच पाहत नाहीत. पिल्लं आईबापांना पाहत नाहीत. तरी देणं पोचतं. यांच्या जाण्यानंतर मला हे समजायला त्या नदीवर जावं लागलं.

*८. अवधूताचा मासा*

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वारा, पाणी, कबूतर, अजगर, मधमाशी... नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत विस्ताराने टीका केली. त्या चोवीसांत मासाही आहे. त्याच्याकडून अवधूत जिभेचा संयम शिकतो, कारण गळाला लावलेल्या आमिषाच्या लोभाने मासा प्राण गमावतो.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, अवधूताने गुरू शोधले ते वाटेत भेटलेल्या जिवांत. जिथे तो उभा होता, तिथेच त्याची शाळा होती. दुसरी, जिभेमुळे मरणारा मासा ज्याने पाहिला, त्याला खाणं सोडून ५०० किलोमीटर चढणारा मासा भेटला असता, तर त्याने त्यालाही नमस्कार केला असता. एकच जीव दोन वेगळे धडे देतो. म्हणून शिकणाऱ्याने आधी पाहावं, आणि निष्कर्ष सावकाश काढावा.

आणि जिभेचा संयम? तो माझ्या बाबतीत खाण्यापेक्षा बोलण्यालाच जास्त लागू होता.

*९. आता त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर*

ताई, तिथे मंदिर लांब असेल, पण पाहायला शिकलात तर उपासना जवळच आहे. माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

१) *रोज एकच जागा पाहा.* घरासमोरचं एक झाड धरा. रोज त्याच वेळी दहा मिनिटं त्याच्यासमोर उभं राहा. पहिले चार दिवस कंटाळा येईल. पाचव्या दिवशी एखादं पान बदललेलं दिसेल.

२) *नाव विचारा.* झाडाचं, पक्ष्याचं, नदीचं. नातवंडांना विचारा, त्यांना आवडतं. ज्याचं नाव माहीत झालं, ते परकं राहत नाही. तिथल्या मूळ लोकांनी काय नाव ठेवलं होतं, तेही विचारा. सॅमन माशाला मान देणारे, हंगामातला पहिला मासा विधीपूर्वक स्वीकारणारे लोक त्या किनाऱ्यावर हजारो वर्षं राहत आहेत.

३) *"आपल्यासारखं नाही" हे वाक्य महिनाभर बंद ठेवा.* त्याऐवजी "हे असं का?" असं विचारा.

४) *दिसलेल्या गोष्टीचा दुसऱ्यावर वापर करू नका.* बोध स्वतःपुरता ठेवा. दुसऱ्याला द्यायचा तर आनंद द्या.

*१०. आणि घरी परतल्यावर*

इंदूरला आल्यावर मला एक लाज वाटली. कॅनडातल्या माशाची कुंडली मला पाठ झाली, पण आपल्या नर्मदेतल्या महाशीर माशाबद्दल मी काहीच जाणत नव्हते. तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. तोही अंडी घालायला प्रवाहाच्या वर चढतो, आणि धरणांमुळे त्याचीही वाट अडली आहे. ओंकारेश्वरला मी आयुष्यात पन्नासदा गेले असेन. दर्शन घेतलं, नदीत दिवा सोडला, आणि पाण्यात काय आहे ते कधी पाहिलं नाही. महाडजवळ वाळणकोंड इथे काळ नदीच्या डोहात लोकांनी वरदायिनी देवीचे म्हणून महाशीर मासे राखले आहेत. श्रद्धेने राखलेलं असं जपलं जातं.

प्रत्येक केंद्राजवळ असं काहीतरी आहे. गोव्यात मोरजी आणि गालजीबागच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. बेळगावकडे खानापूरच्या भीमगड अरण्यात बारापेडेच्या गुहांत दुर्मिळ वटवाघळं आहेत. बडोद्यात विश्वामित्री नदी शहरातून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. ग्वाल्हेरकरांना चंबळच्या घडियाली जवळ आहेत. हैदराबादचे ते एकावर एक ठेवल्यासारखे दगड सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे आहेत.

*या आठवड्याचा अभ्यास*

🔸 रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून जवळच्या एका नदी, तळं किंवा झाडापाशी जावं. फोन पिशवीत ठेवावा. अर्धा तास फक्त पाहावं. मग प्रत्येकाने एकच गोष्ट सांगावी, आधी न दिसलेली.

🔸 परदेशातल्या मुलांना या आठवड्यात फोन कराल तेव्हा "कधी येतोस?" असं विचारू नका. "तुझ्या खिडकीतून आज काय दिसतंय?" असं विचारा. आणि शांतपणे ऐका.

🔸 तुमचे पूर्वज आजच्या गावी कुठून आणि कधी आले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. मुलांना पाठवा.

🔸 चर्चेसाठी प्रश्न: निसर्गातल्या किंवा पोथीतल्या एखाद्या दाखल्याचा उपयोग आपण कधी दुसऱ्याला टोचण्यासाठी केला आहे का? गटात लिहायलाच हवं असं नाही. मनात उत्तर दिलं तरी चालेल.

नातवाने परवा व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आजी, आमच्या पुलाखालून मासे जातात, बाबांनी दाखवलं." फ्रेझर नदीवरच्या ज्या पुलावरून माझा मुलगा रोज कामाला जातो, त्याच पुलाखालून ते मासे जातात, वर अ‍ॅडम्सपर्यंत. मी त्याला म्हटलं, "त्यांना माझा नमस्कार सांग." तो म्हणाला, "परत येणाऱ्यांना की चुकलेल्यांना?"

मी म्हटलं, "दोघांनाही."

सद्गुरुचरणी सादर. 🙏
(लेख आवडल्यास आपल्या कौटुंबिक गटात पाठवावा. अनुभव पाठवायचे असल्यास रविवारच्या सत्संगात सांगावेत.)